निळ्या ठिपक्याची साक्ष

“मावशी, सॅटेलाइट खोटं बोलतो का?”

हे वाक्य मी लोअर परळच्या एका चाळीच्या दारात ऐकलं. तेव्हा मी एका कंत्राटदाराकडे सर्वेक्षणाचं काम करत होते. घरोघरी जायचं, फॉर्म भरायचे, दिवसाची ठरलेली घरं संपवायची. हजेरी फोनवर. नेमून दिलेल्या पत्त्यापासून ३० मीटरच्या आत उभं राहून बटण दाबायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आत असाल तर हिरवी खूण, बाहेर असाल तर लाल.

आमच्यात पन्नाशीच्या एक मावशी होत्या. मुलाने नवा घेतल्यावर त्याचा जुना फोन त्या वापरायच्या. त्या चाळीत आम्ही दोघी एकाच जिन्यापाशी उभ्या राहून बटण दाबायचो. माझी खूण हिरवी यायची, त्यांची लाल. नकाशावर मावशी रस्त्यापलीकडच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये दिसायच्या, जिथे वॉचमन त्यांना उभंही राहू देणार नाही. महिनाअखेर तीन दिवसांची अर्धी मजुरी कापली गेली.

“साहेब, मी जिन्यापाशीच होते हो. या पोरीला विचारा.”

मी सांगितलं, हो, होत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फोनवरचा नकाशा मावशींच्या डोळ्यांपुढे धरला आणि ते वाक्य म्हणाले. मावशी गप्प झाल्या. मीही झाले, कारण मला उत्तर माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. सॅटेलाइट खोटं बोलला नव्हता. पण तो मावशींबद्दल खरंही काही बोलला नव्हता. मावशी नावाची बाई पृथ्वीवर आहे हेच त्याला ठाऊक नाही. त्याच्या नावावर जे खपवलं गेलं तो एका जुन्या फोनचा अंदाज होता, आणि त्या अंदाजाला पुरावा म्हणायचं हे कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलं होतं.

आकाशात फक्त घड्याळं आहेत

लहानपणी वीज चमकली की आपण आकडे मोजायचो. गडगडाट येईपर्यंत सहा मोजून झाले, तर वीज साधारण दोन किलोमीटरवर पडली. कारण आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. फोन हेच करतो. फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहर असते आणि ती सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते.

अमेरिकेच्या जीपीएसचे ३०च्या आसपास उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रह अखंड एकच निरोप पाठवत असतो: मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. हा निरोप आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. तो किती उशिरा पोचला यावरून फोन अंतर काढतो. एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं, तर आपण एका अवाढव्य गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत एवढंच कळतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या उपग्रहाचे गोल त्याला छेदतात, तेव्हा जागा ठरते.

मग चौथा उपग्रह लागतो कशाला? कारण उपग्रहावर अणुघड्याळ असतं आणि फोनमध्ये स्वस्तातलं क्वार्ट्झ. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदाने घड्याळ चुकलं, तर अंतर ३०० मीटरने चुकतं. चौथ्या उपग्रहाच्या निरोपावरून फोन स्वतःच्या घड्याळाची चूक शोधून दुरुस्त करतो.

हे सगळं थक्क करणारं आहे, यात वाद नाही. उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ४५ने पुढे आणि वेगामुळे ७ने मागे, असा हा आइन्स्टाइनचा हिशेब आहे. तो धरला नाही, तर एका दिवसात अंतरं ११ किलोमीटरपर्यंत चुकतील. आपल्या नाविक यंत्रणेचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला. काही वर्षांत त्याच्यावरची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह जागच्या जागी होता, पण वेळ सांगता येईना म्हणून लोकांना त्यांची जागा सांगण्याच्या कामातून बाद झाला. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये रॉकेटचं उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला आणि २०१८च्या एप्रिलमध्ये पुढचा पाठवावा लागला. इतकी मेहनत त्या निळ्या ठिपक्यामागे आहे.

पण यातला एक मुद्दा धरून ठेवा. उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. तो कुणाला बघत नाही, शोधत नाही, पकडत नाही. जागेचा हिशेब फोन करतो आणि तो हिशेब इंटरनेटवरून साहेबांच्या स्क्रीनवर अ‍ॅप पोचवतं. “सॅटेलाइटने पकडलं” हे वाक्य जिथे ऐकाल, तिथे समजा की बोलणाऱ्याला यंत्र माहीत नाही, किंवा समोरच्याला माहीत नाही याची त्याला खात्री आहे.

गल्लीत काय होतं

मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण ४.९ मीटरच्या त्रिज्येत जागा सांगतो. हा आकडा जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकन सरकारच्याच माहितीतला आहे, आणि पुढे तिथेच म्हटलं आहे की इमारती, पूल आणि झाडांपाशी अचूकता घसरते. आता मला सांगा, मुंबईत मोकळं आकाश कुणाच्या वाट्याला येतं?

उपग्रहाचा निरोप आपल्यापर्यंत येईतो इतका क्षीण झालेला असतो, की काँक्रीटचा स्लॅब किंवा पत्र्याचं छप्पर त्याला सहज अडवतं. (पावसाला मात्र उगाच बोल लावू नका. ढग आणि सरी या लहरींचं फार काही बिघडवत नाहीत.) त्याहून वाईट म्हणजे परावर्तन. टॉवरच्या काचेवर आपटून आलेली लहर थोडा लांबचा रस्ता घेते. फोनला ती उशिरा मिळते आणि तो समजतो, उपग्रह तेवढा लांब आहे. लहरीने ६० मीटरचा वळसा घेतला, तर त्या उपग्रहाच्या अंतरात ६० मीटरची चूक शिरली. चाळीच्या तिन्ही बाजूंनी काचेचे टॉवर असतील, तर फोनला सरळ आलेले निरोप थोडे मिळतात आणि आपटून आलेले जास्त.

आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचं असेल तर. अरुंद गल्लीतून आकाशाची फक्त एक पट्टी दिसते. म्हणजे दिसणारे उपग्रह गल्लीच्या पुढच्या-मागच्या दिशेला असतात. बाजूचे भिंतीआड जातात. त्यामुळे तुम्ही गल्लीत किती आत आहात हे फोन बऱ्यापैकी सांगतो, पण गल्लीच्या डावीकडे आहात की उजवीकडे, इथे त्याचा गोंधळ होतो. मावशी रस्त्यापलीकडे का दिसायच्या, ते आता कळलं ना? साहेबांनी त्यांच्यावर जो आरोप ठेवला, नेमका त्याच प्रश्नावर ते यंत्र सगळ्यात कच्चं होतं.

शिवाय आपण भारतात आहोत. जमिनीपासून काहीशे किलोमीटर उंचीवर आयनोस्फियर हा विद्युतभारित थर आहे. त्यातून येताना लहर रेंगाळते आणि अंतर काही मीटरने, कधी त्याहून बरंच जास्त, फुगतं. हा थर चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना सगळ्यात दाट आणि सगळ्यात लहरी असतो. ते विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये रॉकेट सोडायला थुंबा निवडलं ते त्याचसाठी. उत्तरेकडचा दाट पट्टा गुजरात-मध्य प्रदेशाच्या आसपास येतो आणि महाराष्ट्र त्याच्या कडेलाच आहे. सूर्यास्तानंतर या थरात बुडबुड्यांसारखी पोकळी तयार होते, तेव्हा सिग्नल थरथरतो. जीपीएस स्वतः जी ठोकळ दुरुस्ती पाठवतं, ती या थराची साधारण अर्धीच चूक काढते. विमानांसाठी म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ ही वेगळी दुरुस्ती यंत्रणा उभारली, कारण विमान उतरवताना अंदाजावर भागत नाही. मावशींची मजुरी कापताना भागतं.

या थरावर चांगला उपाय आहे: दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकायच्या. दोन्ही लहरी वेगवेगळ्या रेंगाळतात, त्यांची तुलना केली की थराची चूक काढता येते. यातली दुसरी, नवी फ्रिक्वेन्सी इमारतींवर आपटून आलेल्या लहरीही जास्त चांगल्या ओळखते. २०१८ मध्ये शाओमीच्या मी ८ या फोनमध्ये ही सोय पहिल्यांदा आली. आजही सगळ्यात स्वस्त फोनांत ती सहसा नसते. माझा फोन दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा होता, मावशींचा एकच. म्हणजे एकाच जिन्यापाशी उभ्या असलेल्या दोघींपैकी जिचा फोन स्वस्त, तिच्यावर अविश्वास जास्त. हा कट कुणी रचलेला नव्हता. पण जो नियम लिहितो त्याने हे तपासायला हवं की नको?

लपवलेलं वर्तुळ

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये निळ्या ठिपक्याभोवती कधी कधी फिकट निळं वर्तुळ दिसतं. आपण त्याकडे सजावट म्हणून बघतो. माझ्या मते त्या सगळ्या स्क्रीनवर सर्वांत प्रामाणिक गोष्ट तीच आहे. फोन सांगत असतो: मला नक्की माहीत नाही, पण तू या वर्तुळात कुठेतरी असावीस.

असावीस, हं. असतेसच असं नाही. अँड्रॉइडच्या अधिकृत व्याख्येनुसार त्या वर्तुळात तुमची खरी जागा असण्याची शक्यता ६८ टक्के आहे. म्हणजे फोनने आपला अंदाज अगदी इमानदारीने सांगितला, तरी शंभरातल्या बत्तीस वेळा तुम्ही वर्तुळाच्या बाहेर असू शकता.

हजेरीच्या भाषेत हिशेब करू. वर्तुळाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि कंपनीची हद्दही ३० मीटर. कामगार हद्दीच्या बरोबर मध्यावर उभी आहे, एक पाऊलही हललेली नाही. महिन्याचे २६ दिवस, दिवसाला २ नोंदी, एकूण ५२. त्यांचे ३२ टक्के म्हणजे जवळपास १७. महिन्यात सतरा वेळा ती जागेवर असून गैरहजर ठरू शकते, तेही यंत्रात काहीही बिघाड नसताना.

प्रत्येक नोंदीसोबत हा त्रिज्येचा आकडा फोन अ‍ॅपला देतोच. हजेरीचं अ‍ॅप तो घेतं आणि फेकून देतं. साहेबांच्या स्क्रीनवर उरतो फक्त टोकदार ठिपका आणि त्याचा रंग. मोजमापातून त्याची चूक काढून टाकली, की उरतो तो फक्त रुबाब. शाळेच्या प्रयोगवहीत आपण हे केलं असतं, तर बाईंनी लाल शेरा मारला असता.

आणि घरात, जिन्याखाली, मॉलमध्ये तर ते जीपीएसही नसतं. उपग्रह ऐकू येईनासे झाले, की फोन आजूबाजूचे वायफाय आणि मोबाइलचे टॉवर बघून जागा ठरवतो. शेजाऱ्याने घर बदललं आणि वायफायचं यंत्र सोबत नेलं, तर तुमचा फोन काही काळ त्याच्या जुन्या पत्त्यावर हट्टाने बसू शकतो. याला सॅटेलाइट म्हणायचं धाडस साहेबांचंच.

ठिपका कुणाच्या मनगटावर

तुम्हाला आणि मला ठिपका चुकला तर रिक्षावाल्याला फोन करावा लागतो, फार तर पिझ्झा गार होतो. पण तो सगळ्यांच्या आयुष्यात तितक्याच हलक्या पावलांनी येत नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला इथल्या सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. त्यांना कामावर पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनगटांवर तशी घड्याळं मी तरी पाहिली नाहीत. १ जानेवारी २०२३पासून रोजगार हमीच्या सामूहिक कामांवर लोकेशनसह दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावणं देशभर सक्तीचं झालं. ही योजना ज्या कल्पनेवर उभी राहिली, ती महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात देशाला दाखवली होती: काम मागेल त्याला काम. आता काम केलेल्यालाही आधी नेटवर्क मागावं लागतं. त्या वर्षी मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरलं, त्यांच्या तक्रारींत ही हजेरी होतीच.

शेतकऱ्याला ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, आणि फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. इथे चुकीची आणखी एक जात भेटते. समजा ठिपका बरोबर आहे, पण गावनकाशा? आपल्या गावांचे मूळ नकाशे साखळ्या ओढून मोजलेले आणि कापडावर-कागदावर काढलेले आहेत. ते स्कॅन करून उपग्रहाच्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना बांध इकडचा तिकडे होतो. मग शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून दुसऱ्याच्या गटात दिसतो.

जागा आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण किती विसरतो, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसलं. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. बातम्यांनी जीपीएसला जबाबदार धरलं. उपग्रहांनी गाडी कुठे आहे ते बरोबरच सांगितलं असणार. पुढे पूल नाही, हे नकाशाला माहीत नव्हतं आणि रस्ता अडवायला हवा होता तो नीट अडवलेला नव्हता. सगळा दोष आकाशावर ढकलला की जमिनीवरचे सुटतात. मावशींच्या बाबतीत उलट झालं: आकाशाला निर्दोष ठरवलं आणि दोष जमिनीवरच्या बाईवर ढकलला. दोन्ही वेळा निर्णय घेणारे मात्र नामानिराळे.

पुढची पाळी आपलीही येऊ शकते. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या टोलचे नियम बदलून उपग्रहावर आधारित वसुलीला वाट करून दिली गेली. महामार्ग आणि त्याला चिकटून जाणारा सर्व्हिस रोड यांत कित्येक ठिकाणी दहा-पंधरा मीटरचंच अंतर असतं. उद्या एकावर पैसे आणि दुसरा फुकट असेल, तेव्हा ठिपक्याची साक्ष कुणाला परवडेल?

“मग कामचुकारांचं काय?”

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. न येता हजेरी लावणारे असतात. शिक्षक शाळेत जात नाही, मुकादम खोटी नावं भरतो, हे आपण पाहिलेलं आहे. पण ठिपक्याने ते थांबतं का? खोटं लोकेशन दाखवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. ज्याला फसवायचं आहे तो ती टाकतो आणि घरी बसून हिरवी खूण मिळवतो. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला पत्रक काढून सांगावं लागलं, की फोटोचे फोटो काढून आणि कामाशी संबंध नसलेले फोटो टाकून हजेरी लावली जात आहे. म्हणजे लबाड सुटला आणि अडकली ती जिन्यापाशी खरोखर उभी असलेली बाई.

दुसरं उत्तर मिळतं, तंत्रज्ञान सुधारेल. सुधारेलच. एके काळी अमेरिकेचं सरकार सामान्यांचा सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवत होतं, तेव्हा चूक १०० मीटरच्या घरात असायची. मे २००० मध्ये तो बिघाड एका आदेशाने बंद झाला आणि जगभरातली अचूकता रातोरात वाढली. उद्या दोन फ्रिक्वेन्सी स्वस्त फोनातही येतील. पण चूक शून्य कधीच होणार नाही. ती लहान होईल, तशी साहेबांची हद्दही ३० मीटरवरून १० मीटरवर येईल, आणि भांडण तिथेच राहील.

माझं म्हणणं जीपीएस बंद करा असं नाही. साक्षीदार म्हणून उभं करता आहात, तर त्याची उलटतपासणी होऊ द्या, एवढंच आहे. २०२४च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. जामिनावरच्या आरोपीने मोबाइलच्या नकाशावर पिन टाकून ठेवावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला त्याची जागा कळेल, अशी अट खालून आली होती. न्यायालयाने आधी ती पिन मुळात काय करते हे गूगललाच विचारलं. उत्तर असं आलं की तिच्यातून माणसाचा सतत माग काढताच येत नाही. अट रद्द झाली. माणसावर कायम पाळत ठेवणारी अट खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, हेही न्यायालयाने सांगितलं. देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांना हे यंत्र कसं चालतं ते विचारावंसं वाटलं. आमच्या साहेबांना वाटलं नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या अ‍ॅपच्या एका नोंदीवर कुणाची मजुरी, नुकसानभरपाई किंवा दंड ठरतो, त्याने ठिपक्याबरोबर त्रिज्या दाखवली पाहिजे, नोंदवली पाहिजे आणि मागितल्यावर दिली पाहिजे. वर्तुळ हद्दीला कुठेही शिवत असेल, तर हजेरी हिरवीच. संशयाचा फायदा माणसाला, यंत्राला नाही. लाल खुणेने आपोआप पैसे कापले जाता कामा नयेत. आधी माणसाने माणसाला विचारलं पाहिजे. आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याची साक्ष फोनच्या साक्षीपेक्षा खालची धरायची नाही.

तोवर आपण काय करायचं? बटण दाबण्याआधी शक्य असेल तर भिंतीपासून लांब, आकाश दिसेल तिथे जा आणि अर्धा मिनिट थांबा. फोनला आणखी उपग्रह सापडू द्या. नकाशा उघडून वर्तुळ किती मोठं आहे ते बघा. खूण लाल आली तर तिथेच स्क्रीनशॉट घ्या आणि सोबत असलेल्याचं नाव लिहून ठेवा. तुमच्या घरी, सोसायटीत, ऑफिसात कुणाची हजेरी अशी लागत असेल, तर त्यांनाही हे दाखवा. पाच मिनिटं लागतात.

मावशींना मी हे सगळं सांगितलं, पण फार उशिरा, दुसऱ्या एका कामावर भेटलो तेव्हा. निळं वर्तुळ दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं पोरी, म्हणजे याला पण नक्की माहीत नसतं. मग तेव्हा हा एवढा ठासून कसा काय बोलत होता?”

मावशी, तो बोलतच नव्हता. ठासून बोलणारे साहेब होते.